बाजाराची मेथी

माझी लेक सातव्या महिन्यात बाळंतपणाला माझ्याकडं आली होती. रक्त कमी आहे, रोज पालेभाजी खायची, असं डॉक्टरांनी बजावलेलं. शाळा सुटली की मी मंडईत जायची आणि पेंड्या उलट्यासुलट्या करून बघायची. पानाला भोक दिसलं की बाजूला. इतकी वर्षं पोरांना शिकवलं, पण हे कसलं शहाणपण, असं स्वतःला कधी विचारलं नाही.

एका रविवारी माहेरी गेले. उचगावच्या पुढं आमचं गाव, भावाचं रान रस्त्याला लागून. मेथी अशी तरारलेली की बघत राहावं. दुपारी भाजी करावी म्हणून खाली बसून ओटीभर उपटली. तेवढ्यात वहिनी बांधावरून पळतच आली.

"वन्सं, टाका ती! ती बाजाराची हाय. आपली तिकडं, विहिरीजवळ."

"बाजाराची म्हणजे?"

"काल सांजचं औषध मारलंय तिच्यावर."

विहिरीजवळच्या छोट्या वाफ्यात आळीनं चाळण केलेली मेथी होती. ती घरची. आणि काल फवारलेल्या मेथीच्या पेंड्या बांधून बांधावर ढीग लागला होता. दुपारी टेम्पो येणार होता.

भाऊ ढिगावर पाणी मारत होता. माझा धाकटा. मी विचारलं, तर सरळ म्हणाला, "आक्का, भाचीसाठी दर आठवड्याला पिशवी पाठवतोय ती घरचीच की. तुला काय काळजी?"

"आणि बाकीचे सहा दिवस ती कुणाच्या भावाची मेथी खाते रे?"

तो पुन्हा ढिगावर पाणी मारायला लागला. मी खोपीतून औषधाची बाटली आणली आणि मागचं बारीक अक्षर वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचलं. फवारल्यावर किती दिवस भाजी काढायची नाही, ते स्पष्ट लिहिलं होतं.

"तवर आळी थांबती व्हय?" तो ओरडला. "मंडईत किडकी पेंडी कोण घेतंय? तू घेतीस?"

मी घेत नव्हते. म्हणूनच अंगाचा जास्त भडका उडाला. टेम्पोचा हॉर्न वाजला, तशी मी जाऊन त्या ढिगावर बसले. साठीला टेकलेली बाई, चांगली साडी नेसलेली.

"आक्का, ऊठ. लोकं बघाय लागल्यात."

"बघू देत."

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. पंचवीस वर्षांत नवऱ्यापुढं आवाज न चढवलेली वहिनी आली आणि माझ्या शेजारी बसली.

"काल औषधाच्या पंपाला पाणी देताना मला गरगरलं. दोनदा ओकले," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "तुमी म्हणालासा, ऊन लागलं. सांजच्याला कुठलं ऊन?"

टेम्पोवाला थोडा वेळ थांबला आणि दुसऱ्यांचा माल घेऊन निघून गेला. भावानं सगळ्या पेंड्या उकिरड्यात नेऊन टाकल्या. जेवताना ताटाशी आला नाही.

मी काही जिंकले नाही. दुसऱ्या दिवशी मंडईत ढीग तेवढेच होते, आणि ती भाजी कुणी तपासत नव्हतं. विचारलं तर एका कचेरीनं दुसरीकडं बोट दाखवलं, दुसरीनं तिसरीकडं. तिसऱ्या साहेबांनी मला भाजी मिठाच्या पाण्यात धुवायला सांगितली. मी म्हटलं, साहेब, हे तुम्ही घरी करता का? ते हसले. त्या हसण्याचा राग अजून उतरलेला नाही.

लेक सुखरूप बाळंत झाली. बारशाला भाऊ आला नाही, वहिनी एकटीच एसटीनं आली. बाळाला मांडीवर घेऊन हळूच म्हणाली, "वन्सं, फवारल्यावर आठ दिस मी वाफ्याला कुणाला हात लावू देत न्हाय. रोज भांडण होतंय."

"भांड," मी म्हटलं. "चांगलं कडाकडा भांड."