पायांचा घसारा

सरकारनं बोलावलेलं नसताना, नोटीस आलेली नसताना, आपणहून आयकराचं रिटर्न भरायला येणारा आणि भरून झाल्यावर देवळातून बाहेर पडावं तशा चेहऱ्यानं घरी जाणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. मी परळीत कर सल्लागार म्हणून बसतो. माझ्याकडे येणारी मंडळी म्हणजे लग्नाचे फोटो काढणारे, फ्लेक्सची डिझाइनं करणारे, घरात बसून पुण्याच्या कंपन्यांची कामं करणारे. थोडक्यात, ज्यांना मालक नाही, पगाराची स्लिप नाही आणि कर भरायची इच्छाही नाही अशी. भाच्याच्या बारशाचं जेवण व्यवसायाच्या खर्चात कसं बसवता येईल, असं मला लोक डोळ्याला डोळा भिडवून विचारतात. या गर्दीत मामा शोभत नाहीत. मामा पाणाडे आहेत. उन्हाळ्यात लोकांच्या रानातून अनवाणी फिरायचं आणि बोअर कुठं घ्यायचा ती जागा दाखवायची, हा त्यांचा स्वतंत्र व्यवसाय. पाणी लागलं तर फी, नाही लागलं तर रामराम.

आता असल्या माणसाला रिटर्नचं वेड कुठून लागलं? तर मामांना ही विद्या देणाऱ्या म्हाताऱ्यानं मरताना एकच अट घातली होती : खालचं घेतोस, तर वर्षातनं एकदा वर हिशेब द्यायचा, नाहीतर विद्या जाईल. बरीच वर्षं मामा हा हिशेब गावातल्या देवापुढं उभं राहून तोंडी सांगत. पण देव काही बोलत नाही, त्यामुळं हिशेब पोचला की नाही हे कळत नसे आणि त्या काळजीनं मामांना झोप लागत नसे. पुढं माझं लग्न झालं, घरात कर सल्लागार आला आणि मामांना 'वर'चा नीट अर्थ लागला. त्यांचा कर दरसाल शून्य येतो. मी पहिल्याच वर्षी सांगितलं, "मामा, तुम्हाला भरायची गरजच नाही." ते म्हणाले, "मी पैशे कुटं देतो म्हनलो? कागद तर वर जाऊ द्या." रिटर्न पाठवल्यावर आधारचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येतो, तेव्हा मामा चप्पल काढून उभे राहतात, दोन्ही हातांत मोबाइल धरून एकेक आकडा सावकाश वाचतात आणि शेवटी विचारतात, "पोचलं का?" पोचलं, असं मी म्हणालो की खाली बसतात.

खाली बसतात म्हणजे खुर्चीत, पाय वर घेऊन. त्याचीही एक गोष्ट आहे. पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले तेव्हा ते दारातच थबकले. मग भिंतीला पाठ घासत, पूर आलेल्या ओढ्याच्या काठानं जावं तसे कडेकडेनं आले आणि खुर्चीवर मांडी घालून बसले. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. तर म्हणाले, "तुमच्या टेबलाखालून पानी जातंय, जावईबापू. लई मोठं हाय. त्याच्यावर पाय ठिवून हिशेब न्हाई व्हायचा." मी हसलो. पण आमच्या ऑफिसात झाडायला येणाऱ्या बाई हसल्या नाहीत. परळीत थर्मलच्या वीजकेंद्राची राख सगळ्यांच्याच घरात येते. टेबलावर, फायलींवर, चहाच्या बशीत. कोरडी असते, फडकं मारलं की उडते. फक्त माझ्या टेबलाखाली, दारापासून खिडकीपर्यंत वीतभर रुंदीच्या एका पट्ट्यात, ती फरशीला ओल्या पिठासारखी चिकटून बसते. बाई रोज ती खरवडून काढतात. ऐन मे महिन्यातसुद्धा. याचं कारण मी तोपर्यंत कधी विचारलं नव्हतं आणि त्या दिवसानंतर विचारायची हिंमत झाली नाही.

रिटर्न भरणं हा मात्र दरवर्षीचा तमाशा. व्यवसायांच्या यादीत पाणाड्या कुठंच सापडेना. एवढ्या मोठ्या यादीत आपण 'इतर'मध्ये, हे कळल्यावर मामा एक दिवस जेवले नव्हते म्हणे. लहान धंद्यांसाठी सरकारनं एक सोय ठेवली आहे : खर्चाचे हिशेब दाखवत बसायचे नाहीत, जमेचा ठरावीक हिस्सा अंदाजानं उत्पन्न म्हणून धरायचा आणि मोकळं व्हायचं. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिच्यावर जगतात. मी ती मामांना समजावून सांगितली, तर त्यांना भयंकर राग आला. "अंदाजानं? मी पानी कदी अंदाजानं सांगतो का? मंग उत्पन्न कावून अंदाजानं सांगू?" ज्या माणसाच्या सगळ्या धंद्यालाच लोक अंदाज म्हणतात, त्यानं हे ऐकवावं! तेव्हापासून आम्ही खराखुरा खर्च लावतो. आधी नारळ. मामा तळहातावर नारळ आडवा ठेवून चालतात आणि पाण्यावर आले की तो उभा राहतो, असं सगळं गाव सांगतं. मी त्याला कच्चा माल म्हणणार होतो. मामांनी गळ्याची शपथ घालून खरं सांगितलं, "नारळ लोकायला दिसायला असतो. मला पायात कळतंय." तेव्हा मी नारळ जाहिरातीच्या खर्चात टाकला. पाणी लागल्यावर नारळ फुटतो आणि निम्मं खोबरं घरी येतं, ते मामा वजा करायला लावतात. मग चपला. काम अनवाणी, त्यामुळं चपला बांधावर काढून ठेवाव्या लागतात आणि तिथून त्या चोरीला जातात. ही चोरी धंद्यातलं नुकसान की घरातलं, यावर आमचा एक अख्खा रविवार गेला होता.

पेट्रोलचा घोळ याहून मोठा. कामाला गेलं ते धंद्याचं, लेकीकडं गेलं ते घरचं, इतकं सरळ मी सांगितलं होतं. पुढच्या वर्षी मामा गोंधळलेला चेहरा घेऊन आले. "लेकीकडं निगालो, जावईबापू. घरचंच काम. पर वाटंत पाय वाजले. मोपेडवर बसल्या बसल्या दोनी पाय आपोआप वर आले, पडता पडता वाचलो. मंग ते पेट्रोल घरात धरायचं का धंद्यात?" मी विचारलं, "पाय वाजतात म्हणजे काय होतं?" मामांनी आपल्या तळव्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "खालून कुनीतरी हाक मारल्यावानी. नाव घेऊन न्हाई. नुसती हाक." मी ते पेट्रोल घरखर्चात टाकलं आणि विषय बदलला, कारण भर दुपारी माझ्या हातावर काटा आला होता.

मामांचं सगळंच खरं होतं, असं मी म्हणणार नाही. ते चुकायचे, आणि फी बुडाली की निमूट परत यायचे. पण एकदा बायकोच्या चुलतभावाच्या लग्नात, हातात अक्षता घेतलेले मामा मांडवाच्या मधोमध उभे असताना एकदम दोन पावलं मागं सरले आणि मोठ्यानं म्हणाले, "हितनं मांडव हलवा." मामांनी दारू घेतली आहे असं समजून नवरीकडच्या लोकांनी त्यांना कडेला नेऊन बसवलं. लग्न नीट पार पडलं. वर्षानं त्याच जागी जमीन खचली. खाली बुजवलेला आड निघाला, घडीव दगडांचा, गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला ठाऊक नसलेला. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. आत खोलवर काळं पाणी होतं आणि कडेच्या दगडी कडीला बांधलेल्या दोरावर एक पितळी कळशी लोंबकळत होती. पाण्यापासून चांगली दोन पुरुष उंचीवर. आणि दोर ओला होता, त्यातून पाणी ठिबकत होतं. बाकीचे लोक कळशी कुणाची यावर वाद घालत होते. मामांनी मला बाजूला घेतलं आणि कानात विचारलं, "ह्यो सल्ला मी फुकट दिल्ता. हे कुटं लिवायचं?"

तीनेक वर्षांपूर्वी त्यांनी नवीनच प्रश्न आणला. शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर मी घसारा लावला, म्हणजे यंत्र जसं झिजतं तशी त्याची किंमत दरसाल कमी धरली, हे त्यांनी ऐकलं होतं. "मंग माझ्या पायाला बी लावा. ते बी झिजत चाललेत." मी हसून सांगितलं की कायद्यात शरीराला घसारा नसतो. "न्हाई कसा? शरीरालाच असतोय की," मामा म्हणाले. मला तो विनोद वाटला. घरी येऊन मी तो बायकोला सांगितला, तर ती हसली नाही. मामा हल्ली एकाच रानात तीन-तीन चकरा मारतात, असं तिला मावशीनं सांगितलं होतं.

गेल्या वर्षी जुलै उजाडला तरी आमच्याकडे आभाळ पांढरंफटक होतं. एका दुपारी, बाजार निजलेला, राख पडत असलेली, आणि मामा आले. दारात थबकले नाहीत. भिंतीला पाठ लावली नाही. सरळ खोलीच्या मधून, त्या पट्ट्यावरून चालत आले, खुर्चीत बसले आणि पाय टेबलाखाली सोडले. मी लिहायचा थांबलो.

"मामा, पाय..."

"तेच बगायला आलो," ते म्हणाले. "चप्पल काडून बसलोय. काईच न्हाई वाजत."

मग त्यांनी सांगितलं. अख्खा उन्हाळा ते फिरले आणि प्रत्येकाला 'न्हाई' म्हणाले. एकाही रानात पाय वाजले नाहीत. लोकांनी मग पाणी शोधणाऱ्या मशीनवाल्याला बोलावलं. कुणाला पाणी लागलं, कुणाचा बोअर कोरडा गेला. यंदाच्या उन्हाळ्याची जमा शून्य. त्याचं मामांना काही नव्हतं. "पर पानी गेलं का माझे पाय गेले, ते मला कळंना, जावईबापू. झोप न्हाई लागत. हितलं पानी मला पक्कं ठावं होतं. हितं बी काईच न्हाई. म्हंजी समदं खालचं सपलं का काय?" आणि मग, अगदी दबक्या आवाजात, "तुमी बगा बरं जरा."

मी काय बघणार? पण मी बूट काढले, मोजे काढले आणि पाय त्या पट्ट्यावर ठेवले. आधी नुसती फरशी लागली, थंड, राखेनं चिकट. मी तसाच बसून राहिलो, मामांचं मन राखायला. आणि मग नदीत उभं राहिल्यावर तळव्याखालची वाळू सरकते तसं काहीतरी सरकायला लागलं. सावकाश, जड, एकाच दिशेनं, खिडकीकडं. त्याच्याही खाली एक घुमणं होतं, ते कानांना ऐकू येत नव्हतं. पाय उचलावेसे वाटले आणि उचलवेनात.

मी वर पाहिलं. मामा माझ्याकडे डोळे लावून बसले होते, ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक बसतात तसे. आहे म्हणालो तर या माणसाची विद्या गेली, आणि ते मी त्याच्या तोंडावर सांगायचं. नाही म्हणालो तर त्याचे पाय शाबूत राहतात, पण मग तो उरलेला जन्म या जमिनीखाली काहीच उरलं नाही असं धरून चालणार. मामांवर माझं प्रेम आहे. मला खोटं बोलायचं होतं. पण या माणसानं आजवर नारळाच्या तुकड्यासाठीसुद्धा मला खोटं लिहू दिलं नव्हतं.

"आहे, मामा," मी म्हणालो.

"कुनीकडं जातंय?"

"खिडकीकडं."

"जोरात?"

"नाही. हळू. पण मोठं आहे."

मामांनी डोळे मिटले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं आणि त्याच वेळी ते हसायला लागले. "हाय तर. जाग्यावर हाय. मंग माझेच पाय गेले. लई बरं झालं, जावईबापू. लई बरं झालं." मला काय वाटलं तेव्हा, ते अजून नीट सांगता येत नाही. आपलं सगळं गेल्याचं कळल्यावर इतका सुखावलेला माणूस मी पाहिला नव्हता.

आम्ही दरसालसारखं शून्य कराचं रिटर्न भरलं. मामा उभे राहिले, आकडे वाचले, "पोचलं का?" विचारलं. पोचलं, मी म्हणालो. मग त्यांनी तिथंच चपला घातल्या आणि पट्ट्यावर पाय पडतोय का हे न बघता, पोरासारखे हलके चालत निघून गेले.

आता ते लेकीकडे असतात, नातवंडांना सांभाळतात. मी खुर्चीवर मांडी घालून बसतो. गिऱ्हाइकांना वाटतं, गुडघे दुखत असतील. परवा घरगुती कामानं धर्मापुरीच्या रस्त्याला निघालो होतो. एका वळणावर स्कूटरवरचे माझे दोन्ही पाय आपोआप वर आले. पडता पडता वाचलो. आजूबाजूला नुसतं ऊन होतं आणि चिटपाखरू नव्हतं, पण खालून कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं. मी कडेला थांबून मामांना फोन लावला आणि हे पेट्रोल कुठं धरू म्हणून विचारलं.

"घरातच धरा," मामा म्हणाले. "अजून नारळ न्हाई फुटला." आणि जरा थांबून, "कसं वाटतंय ओ, वाजल्यावर? मला सांगा की. मी इसरत चाललोय."

मी रस्त्याच्या कडेला बूट काढून उभा राहिलो आणि त्यांना सांगत राहिलो.