चातुर्मासातले तीन बुधवार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. तिच्या पोटात काही राहत नाही हे खरं, पण ते निमित्त झालं — माझीच जीभ उचलत नव्हती. आज सांगणार. मध्ये कदाचित चहा टाकायला उठेन, पण परत येऊन बसेन. ठरवलंय.

गोष्ट कांद्याची आहे. हसू नका.

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमचं क्वार्टर होतं. हे इन्स्पेक्शनला. दुसऱ्याने केलेलं काम तपासायचं आणि चूक दिसली की खडूने फुली मारायची, ही नोकरी. आणि घरीही तोच खाक्या. रोज संध्याकाळी डायरी उघडून कोथिंबिरीच्या जुडीपासून टेम्पोच्या भाड्यापर्यंत सगळं लिहून काढणार. मी शाहपुऱ्यातल्या एका शाळेत शिकवत होते.

त्या वर्षी आषाढात, कॉलनीतल्या मराठी बायकांच्या भजनात मी सगळ्यांदेखत जाहीर केलं — यंदा मीसुद्धा चातुर्मास पाळणार. चार महिने कांदा-लसूण बंद, बाहेरचं खाणं बंद. का केलं? कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. सासूबाई दरवर्षी पाळायच्या, त्यांचं कौतुक व्हायचं, आणि मला ते हवं होतं. मिळालंही. सासूबाई तर येईल त्याला सांगायच्या, "आमची सून गं, नोकरी करून पाळते." आणि हे! ज्यांना कच्च्या कांद्याशिवाय घास उतरत नाही, ते म्हणाले, "मग मीही नाही खाणार." बोला आता!

मी जेमतेम पंधरा दिवस टिकले. एका बुधवारी शाळा सुटली, तलावाजवळच्या रेस्टॉरंटसमोरून जाताना वास आला, आणि पाय आत वळले ते वळलेच. कोपऱ्यातलं टेबल, कांदा-उत्तपा, वर कॉफी. कुणी हाका मारत नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं. खोटं कशाला बोलू — इतकं सुख मला त्या वर्षी दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं.

रोख पैसे दिले असते तर संध्याकाळी डायरीत खड्डा दिसला असता. म्हणून पर्समधलं नवंकोरं बँकेचं कार्ड काढलं. खातं दोघांच्या नावावर होतं. मला वाटायचं, कार्डाचं काय, घासलं की संपलं, घरी सांगायला कोण येतंय? बी.एस्सी., बी.एड. झालेली बाई मी! असे तीन बुधवार गेले. काउंटरवर मिश्राजी असायचे, साठीकडे झुकलेले, चष्मा दोऱ्याने बांधलेला. ते कार्डाच्या मशीनमधून निघालेली चिठ्ठी पुढे करायचे, मी सही करायची. तिसऱ्या वेळी म्हणाले, "दीदी, अगली बार प्याज़ और करारा करवा दूँगा."

मग बँकेचं स्टेटमेंट आलं. तीन ओळी, तिन्हींवर एकच नाव — कुणा शेठजींच्या नावाची फर्म, पुढे 'फूड्स'. पाटीवर रेस्टॉरंटचं नाव एक आणि बँकेत मालकाच्या फर्मचं दुसरं, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. तारखा पाहिल्या — तिन्ही बुधवार. ह्यांनी विचारलं, "तू कुठे जेवली होतीस का?" मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "अरे, ती बाहेर कशी जेवेल? तिचा चातुर्मास आहे ना!"

आणि मी ताटं घ्यायला उठले. तिथेच सांगितलं असतं तर काय झालं असतं? चार दिवस अबोला, भजनात थोडी कुजबुज. बस, एवढंच.

पण हे पेटले. रक्कम ती केवढी, पण "प्रश्न तत्त्वाचा आहे" म्हणत त्यांनी बँकेतून तक्रारीचा फॉर्म आणला. 'हे व्यवहार आम्ही केलेले नाहीत.' खाली दोघांच्या सह्या. मी केली. त्याच हाताने, तीच सही.

बँकेतल्या बाबूने ह्यांना नियम सांगितला होता: पैसे घेणाऱ्याने ग्राहकाच्या सहीच्या चिठ्ठ्या दाखवायच्या, नाही दाखवल्या तर पैसे परत. ह्यांनी तो जेवताना आनंदाने आम्हाला सांगितला. बँकेचं पत्र रेस्टॉरंटमध्ये पोचेल तेवढे दिवस कसेबसे काढले आणि तिथे गेले. ते पत्र काउंटरवरच पडलं होतं. मी काहीतरी पुटपुटले — सासूबाई, व्रत, घरात कळलं तर. मिश्राजींनी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून माझ्या तिन्ही काढल्या. "मेरी अम्मा भी चौमासा रखती थीं," ते म्हणाले. "रख लीजिए, दीदी. कह दूँगा, नहीं मिलीं." मी म्हटलं, पैसे पुढच्या आठवड्यात आणून देते. चिठ्ठ्या पर्समध्ये टाकल्या आणि निघाले. पैसे द्यायला गेले नाही. भीती वाटली — आणि खरं सांगू? आळससुद्धा केला.

पैसे खात्यात परत आले. कॉलनीत ह्यांचा काय भाव वधारला! लोक स्टेटमेंट घेऊन ह्यांच्याकडे यायला लागले. तुळशीचं लग्न झालं तसे हे म्हणाले, "बँकेला वठणीवर आणलं, तुझंही व्रत पार पडलं. चला, त्याच पैशांत बाहेर जेवू. तुझ्या शाळेजवळ एक चांगलं आहे म्हणतात."

तेच. मी नको-नको म्हणत राहिले, पण कारण काय सांगणार?

काउंटरवर दुसराच माणूस होता. हे आणि सासूबाई हात धुवायला गेले तेव्हा ओळखीचा वेटर पाणी ठेवता ठेवता हळूच म्हणाला, "मिश्राजी को निकाल दिया, दीदी. पर्चियाँ नहीं मिलीं ना. सेठ बोले, कार्ड इसी ने घिसा होगा." बाग सेवनियाच्या वस्तीत राहतात, एवढंही त्याने सांगितलं.

शेठ चार पावलांवर बसले होते. दोघं समोर येऊन बसले. एक वाक्य पुरलं असतं. ह्यांनी वेटरला सांगितलं, "हिच्यासाठी कांदा-उत्तपा. कांदा जास्त घाल, चार महिने उपाशी आहे बिचारी." सासूबाई कौतुकाने माझ्याकडे पाहत होत्या. उत्तपा आला. मी तो सगळा खाल्ला, आणि छान झालाय असंही म्हटलं.

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. हे रिटायर झाले, आता भोपाळमध्येच, शिवाजी नगरात मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. बँकेला नमवल्याची गोष्ट हे अजून पाहुण्यांना सांगतात आणि मी चहाचे कप गोळा करते. बाग सेवनिया इथून काही लांब नाही. मी एकदाही गेले नाही.

चिठ्ठ्या मी सासूबाईंच्या कहाण्यांच्या पोथीत ठेवल्या होत्या. आज काढल्या. हे व्हरांड्यात पेपर वाचताहेत. तिन्ही चिठ्ठ्या त्यांच्यासमोर मांडणार, मग शाहपुऱ्याला त्या शेठकडे जाणार, ते नसतील तर त्यांच्या मुलाकडे. मग बाग सेवनियात घरोघर विचारत फिरणार. तिन्ही ठिकाणी बोलणं एकच आहे, पाठ करून ठेवलंय.

कार्ड मी घासलं होतं. ही सही माझी आहे.