सिरियस आहे, चला

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पंधरा दिवस डोळ्यांना ताण द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी मामाजींना बजावलं आणि त्यांचं वाचन माझ्या गळ्यात पडलं. मामाजी म्हणजे माझे सासरे, पोलीस खात्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. अकोल्याच्या घरात आता आम्ही दोघंच. दुपारची जेवणं झाली की ते दिवाणावर आडवे आणि मी खुर्चीत, हातात वाचनालयातून आणलेली जाडजूड कादंबरी. एक माणूस ओळीनं बायका मारत सुटतो आणि एक फौजदार त्याच्या मागे लागतो, अशी ती गोष्ट.

मला ती मुळीच आवडली नाही. खुनाची वर्णनं तीन-तीन पानं, सुरी कशी, रक्त कसं. आणि मेलेली बाई मात्र दीड ओळीची. ती सकाळी काय खाऊन घरून निघाली होती, याचा पत्ता नाही. खुनी तेवढा लहानपणापासून तपशीलवार. लेखकाचा जीव कोणावर आहे ते लगेच कळतं. तरी मी वाचत होते, कारण खुनी कोण ते मलाही जाणून घ्यायचं होतं. खोटं कशाला बोलू.

मामाजी सुऱ्यांना, रक्ताला काहीच म्हणाले नाहीत. अडले ते भलत्याच जागी. फौजदार चौथ्या बाईच्या घरी जातो, दार उघडताच तिच्या नवऱ्याला म्हणतो, "तुमची बायको मेली आहे," आणि प्रकरण संपतं.

"असं कोनी सांगते काय?" मामाजी उठूनच बसले. "किती घरी गेलो मी असा. सिरियस आहे म्हनाचं, चला म्हनाचं. मानूस आपल्या पायानं दवाखान्यापर्यंत आला पायजे. हा लेखक कोनाच्या दारात उभा नाई राह्यला कधी."

आमच्याकडे असंच करतात. मेलेल्याचा निरोप मेला म्हणून कोणी देत नाही. तब्येत सिरियस आहे, लवकर निघा, एवढंच. ऐकणारे बरेचदा समजून जातात. मी समजले नव्हते.

"मला तर अख्ख्या पुस्तकात तो फौजदारच एक धड वाटला," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

सहा वर्षांपूर्वी माझा नवरा शाळेच्या ट्रेनिंगला अमरावतीला गेला होता. तिथं त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. फोन मामाजींना आला. त्यांनी मला तेच सांगितलं, सिरियस आहे, चल. मी पिशवीत चादर घातली, टॉवेल, दोन लुंग्या, थर्मासमध्ये गरम पाणी. दोन तासांच्या वाटेत, अगदी अमरावतीच्या अलीकडचं बडनेरा येईपर्यंत, माझं तोंड बंद नव्हतं. दवाखान्यात कोण थांबणार, नागपूरला न्यावं लागलं तर गाडी कोणाची, पाय गेला तरी चालेल, घरी बसून ट्यूशन घेता येतील. मामाजी सगळ्याला हो म्हणत होते. पोचल्यावर कोणीतरी ती पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. मला वेडीसारखं बडबडू दिलं यांनी, हा राग मी इतकी वर्षं पोटात ठेवून त्यांना दोन वेळचं जेवण वाढत होते.

त्या दुपारी सगळं बोलून टाकलं. मग विचारलं, "तुम्हाला निघतानाच माहीत होतं ना?"

"हो."

"मग त्या नागपूरच्या गाडीला हो कशाला म्हटलंत?"

मामाजींनी काळा चष्मा नीट केला.

"दुसऱ्याच्या घरी मी कधी असा नाई फसलो," ते म्हणाले. "तू बोलून राहिली होती, तवा मले वाटे, न्या लागते खरंच त्याले नागपूरले. मी मनातल्या मनात गाडीवाला शोधून राहिलो होतो. बडनेऱ्यापर्यंत जिता होता तो माह्यासाठी."

पुस्तक माझ्या मांडीवर उघडंच होतं. त्या गाडीत माझ्या शेजारी त्याचा बाप बसला होता, हे सहा वर्षांत एकदाही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.