बाप-लेकाच्या मधे

मिल बंद झाली तेव्हा आमचा मुलगा पंधरा वर्षांचा होता. हे तिथे विणाई खात्यात होते. मिल थांबली तरी हे सकाळी दाढी करून, शर्ट खोचून अंगणात खुर्चीवर बसत. कुणी विचारलं की म्हणत, "सुरू होईल." मी तुकोगंजमधल्या एका दवाखान्यात नंबर लावण्याचं काम करायचे, म्हणून घर चाललं.

मुलगा मुळातच हट्टी. काहीही विचारा, "देखते हैं" म्हणून दप्तर उचलायचा. एका दुपारी मी लवकर परतले, तर सुदामा नगरच्या आमच्याच गल्लीत एका उंच घराच्या कठड्यावर तो उभा. खांद्यावर केबलच्या वायरचं भेंडोळं. तेव्हा घरोघरी नवी चॅनलं येत होती. हाक मारली तर दचकून पाय घसरेल, म्हणून मी खाली उन्हात गप्प उभी राहिले. तो उतरून आला.

"शाळा?"

"छोड दी. दिवाळीपासून जातच नाही."

संध्याकाळी ह्यांनी त्याला समोर उभं केलं. "दहावी तरी कर. उद्या कोण विचारेल तुला?"

"बाबा, मिल बंद झाली आणि तुम्ही पण बंद झालात. मला शिकवू नका."

मला वाटलं, आता हात उठणार. हे चपला घालून बाहेर पडले. अंधार पडल्यावर आले, पालकाची जुडी माझ्या हातात दिली आणि आत गेले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं.

मग वर्षानुवर्षं मी मधे. "त्याला सांग, गाडी फाटकातून काढ म्हणावं." "बाबांना विचार, जेवणार का." खोली एकच, निरोप माझ्या तोंडून. त्याला मिशा फुटल्या, आवाज जाड झाला. ह्यांना कपड्याच्या दुकानात काम मिळालं. निरोप तसेच चालू. काही मी मऊ करून सांगायचे, काही गिळायचे. दवाखान्यात दिवसभर लोकांची नावं पुकारून घसा बसलेला असायचा.

एका सकाळी गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. मुलगा म्हणाला, "आई, त्यांना सांग ना यार, मोटर बंद करा." हे मोटरपाशीच उभे होते.

मी लाटणं खाली ठेवलं. "आता मी कुणाचं काही सांगणार नाही. तुमचं तुम्ही बघा." पिशवी भरली आणि देपालपूरला ताईकडे निघून गेले. तिथे मी नुसती झोपले. ताई जेवायला उठवायची, जेवून मी पुन्हा आडवी.

आठवड्याने परतले, तर फाटकापासूनच आवाज.

"दूध गॅसवर ठेवून बाहेर जातं का कुणी?"

"तुम्ही घरातच होतात ना बाबा! वास नाही आला?"

शेजारीण गच्चीतून वाकून बघत होती. सोडवायला म्हणून माझा पाय उचललाही गेला. मग मी पायरीवरच बसले, पिशवी मांडीवर घेऊन. आत दोघं एकमेकांवर मनसोक्त ओरडत होते. मला चहा हवा होता, पण घाई नव्हती.