वत्सलाबाईंचा भविष्यकाळ

वत्सलाबाई गेल्याचं त्यांच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी व्हरांड्यात दुसरी खुर्ची मांडून बसले होते. गुरुवार, म्हणजे त्यांच्या स्पॅनिशचा वार. महिना होत आला, खुर्ची अजून तिथंच आहे…

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या घरी नव्वदच्या दशकात स्पॅनिशचा वर्ग चालायचा, म्हणजे रडतखडत चालायचा. पुढे पोरं जर्मनकडे वळली आणि मी भिंतींना क्रियापदं ऐकवत बसले. अशात एका दुपारी वत्सलाबाई गुलाबाच्या मळ्यातून थेट आल्या, हातावर काट्यांचे ओरखडे तसेच. मुलगा स्पेनमध्ये, सून तिकडची, नातीला स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं. "मला फकस्त पुढचं शिकवा, म्याडम," त्या म्हणाल्या. "मागचं सांगून त्या पोरीला काय कळणार हाय?"

मी शिस्तीची. आधी वर्तमान, मग भूत, भविष्य सगळ्यात शेवटी. पण बाई बधल्या नाहीत, आणि हातातला एकुलता एक विद्यार्थी घालवायची माझीही तयारी नव्हती. भविष्यकाळात अख्ख्या क्रियापदाला शेवटी प्रत्यय जोडायचा. 'आब्लार' म्हणजे बोलणे, 'आब्लारे' म्हणजे मी बोलेन. मूळ शब्द तोडायचा नाही, हे त्यांना फार आवडलं. कलम बांधण्यापेक्षा सोपं, म्हणाल्या. काही क्रियापदं मात्र आतून बदलतात आणि 'येणे' त्यातलंच. मी येईन म्हणजे 'बेंद्रे'. हे तर आडनाव झालं, म्हणून बाई पदर तोंडाला लावून हसल्या.

निरोप घेताना 'जाते' म्हणायचं नाही, हे त्यांच्या हाडीमासी मुरलेलं. त्यामुळे फोन ठेवताना त्या नातीला दर वेळी 'बेंद्रे' म्हणायच्या. तिकडे ती पोर, आजी खरंच येणार म्हणून खिडकीत बसू लागली. बाईंचे गुडघे गेलेले, मळा सोडवत नव्हता. जाणं काही होणार नव्हतं. मुलगा वैतागला. मग मी त्यांना तिकडचा निरोपाचा शब्द, 'आदियोस', शिकवला.

"राहू द्या, म्याडम. माझी वाट बघणारं दुसरं कोण हाय?"

माझा आठवडाही गुरुवारच्या आशेवरच निघायचा. त्या निघताना मलाही 'बेंद्रे' म्हणायच्या आणि पुढच्या गुरुवारी यायच्या. फार एकटं वाटतं आता, हे कबूल करायला हवं.

परवा बाईंच्या मुलानं नातीला माझा फोन लावून दिला. आजी गेल्याचं तिला सांगितलं होतं, पण नाशिकचं कुणीतरी तिच्या भाषेत बोलावं, असा तिचा हट्ट होता. आजी आता कुठे असेल, तिनं विचारलं. स्पॅनिशमध्ये असा अंदाजही भविष्यकाळातच बांधतात, आपल्या 'असेल'सारखा. बाईंना हे शिकवायचं राहूनच गेलं. मळ्यात असेल, मी म्हणाले. मग बराच वेळ आम्ही दोघी गुलाबांविषयी बोललो.

फोन ठेवताना ती 'आदियोस' म्हणेल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "बेंद्रे."

मी ओल्या फडक्यानं खुर्ची पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवली.