हात न पोचणारी बेल

फिनेलचा वास आला की आमच्या रुग्णालयातली ती बैठक आठवते. वॉर्डच्या पाहणीत प्रथमच एका रुग्णाचं मत घ्यायचं म्हणून आम्ही त्यांना बैठकीचं पत्र आणि एक फॉर्म धाडला होता. येरवड्याहून आल्या त्या मात्र त्या रुग्णाच्या पत्नी. "अहो, पत्र यांच्या नावाचं होतं. हे मागच्या महिन्यात गेले, तुमच्याच वॉर्डात." आम्ही त्यांना खुर्ची दिली. त्या शांतपणे म्हणाल्या, "फॉर्मात जेवणाचं विचारलंय, नर्सला बोलवायच्या बेलचं नाही. यांचा हात बेलपर्यंत पोचायचा नाही. तहान लागली की नुसते दाराकडे बघत राहायचे." निघताना मला म्हणाल्या, "बदललंत तर कळवा." आठवड्याभरात प्रत्येक खाटेच्या उशाशी बेल आली. मी अहवाल लिहिला, वरिष्ठांनी कौतुकही केलं. त्या बाईंना मात्र मी आजतागायत कळवलेलं नाही.