वायरींचे कान

रोज सकाळी चहा झाला की गोरख ओट्यावर बसायचा आणि जाड पांढऱ्या सुताच्या तुकड्यांना गाठी मारायचा. काहींना एक, काहींना दोन, काहींना तीन. मग नजर समोरच्या डोंगराकडे ठेवून एकेक तुकडा अंगठ्याखालून फिरवायचा आणि तीन वेगळ्या डब्यांत टाकायचा.

रत्ना लग्न होऊन पासलीच्या वरच्या धनगरवस्तीवर आली तेव्हा तिला वाटलं, कुणा देवरुष्यानं नवऱ्याला तोडगा दिला असावा. आठ दिवस ती गप्प राहिली. नवव्या दिवशी विचारलंच.

“काय करताय ह्ये?”

“कानं.”

“कुणाची?”

“वायरींची,” म्हणाला आणि पिशवी उचलून गेलासुद्धा.

उलगडा केला तो सासूनं. साळूबाई शेळीच्या पिल्लाचा कान धरून बसल्या होत्या. उजव्या कानाला एक चीर म्हणजे आपलं, दोन चिरा म्हणजे थोरल्या दिराचं. रंगावरून ओळखायला गेलं तर कळपात काळ्या शेळ्या चाळीस.

“लहानपणी ह्याला पिकल्याल्या मिरच्या आणाय धाडला, तर निम्म्या हिरव्या घिऊन आला,” साळूबाई म्हणाल्या. “म्या धपाटा घातला. मला काय ठावं, त्याला तांबडं-हिरवं एकच दिसतंय त्ये.”

त्या रात्रीपर्यंत काही रत्नाला दम निघाला नाही. गोरख दारात पाय धूत होता, तिथंच तिनं त्याला गाठलं.

“आपल्या लग्नात माजा शालू कसला दिसला तुमास्नी?”

“वाळल्या गवतावानी.”

“हिरवागार हुता त्यो.”

“असंल. गवत काय वाईट असतंय व्हय? बकऱ्यांना इचार.”

मग तोच हळूहळू बोलला. भोरला आयटीआयचा अर्ज भरला तेव्हा डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं होतं. बाकीच्या पोरांना ठिपक्यांत आकडे दिसत होते, त्याला नुसते ठिपके. ‘वायरमनचं सोड, फिटरला जा,’ डॉक्टर म्हणाले. तो फिटरलाही गेला नाही. मार्गासनीच्या चिमाजी मिस्त्रींच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला आणि डोळ्यांचं आधीच सांगून टाकलं. चिमाजींनी हातातलं पंख्याचं वाइंडिंग पुरं केलं. मग म्हणाले, “रंग बघून हात घालणारी दोघं म्या भाजल्याली बघितल्यात. तू तपासून हात घालशील का?” सहा वर्षं तो तिथं शिकला. वायर तपासायची, मगच तिला सुताचा तुकडा बांधायचा. करंटच्या तांबड्या वायरीला, म्हणजे फेजला, एक गाठ, न्यूट्रलला दोन, अर्थिंगला तीन. हे चिमाजींना ठाऊक होतं, घरात ठाऊक होतं. गावांत कुणाला नाही. कळलं असतं तर दारात कुणी उभं केलं नसतं.

म्हणून राजगडाच्या पायथ्याच्या पालीतल्या फुलाबाईंचं काम मिळालं तेव्हा रत्नाला आनंदापेक्षा धाकधूकच जास्त. गडावर ट्रेकला येणाऱ्या मुलांसाठी फुलाबाईंनी दोन खोल्या आणि न्हाणीघर बांधलं होतं. आधीचा वायरमन पाइपांतून वायरी ओढून गेला तो परत फिरकला नव्हता. हे काम नीट झालं तर पालीतली आणखी चार घरं गोरखला बोलावणार होती. हाताखाली माणूस हवं, या निमित्तानं रत्ना बरोबर गेली.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग फुलाबाई सहज म्हणाल्या, “गोरख, त्यो तांबडा मग दी रं जरा.”

ओट्यावर दोन मग होते. गोरखनं एक उचलून दिला. फुलाबाईंनी हातातल्या हिरव्या मगाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“चेष्टा करतूस व्हय माजी?”

रत्ना काही सावरून घेणार, तोच गोरख बोलला. “न्हाई मावशी. मला ह्या दोन रंगांतलं कळत न्हाई. जन्माचं हाय.”

“आणि वायरीत हात घालतूस?” फुलाबाई खाली बसल्या. “आधीच्यानं रंगाच्या वायरी नीट घातल्यात, बाबा. त्या नुसत्या जोडायच्या. त्येवढंबी डोळसाचं काम हाय. तू ऱ्हाऊ दे, भोरचा कुणी बघते मी.”

“बघा की. पण मला हितली तपासणी तरी पुरी करू द्या. अर्धी सोडली तर झोप याची न्हाई.”

गोरख न्हाणीघरात गेला. गिझरच्या जागी भिंतीतून तीन वायरी बाहेर आल्या होत्या. त्यांची टोकं सुटी करून तो बाजूला झाला. रत्नानं बोर्डावरचं बटण चालू केलं. टेस्टिंगच्या बल्बची एक तार बोर्डातल्या, आधीच तपासलेल्या न्यूट्रलला धरून दुसरी त्यानं एका टोकाला लावली. बल्ब पेटला.

“ह्या वायरीचा रंग कसला गं?”

“हिरवा,” रत्ना म्हणाली.

त्यानं तार काढून पुन्हा टेकवली. “पुन्यांदा बघ.”

“हिरवाच हाय.”

“बटण बंद कर.” मग दाराशी आलेल्या फुलाबाईंना म्हणाला, “मावशी, ह्या हिरवीत करंट हाय. हिरवी म्हंजे अर्थिंगची असं समदे धरत्यात. ती गिझरच्या पत्र्याला जोडत्यात. त्याच्याकडची तांबडी संपली असंल, हाताला आली ती ओढली त्यानं. रंग बघून जोडली असती, तर पैल्या आंघोळीला माणूस पत्र्याला चिकटलं असतं.”

फुलाबाईंनी बल्ब पेटताना आणि विझताना पाहिला होता. त्या आत गेल्या. भांडी आदळल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं चहाचे कप घेऊन बाहेर आल्या.

“ती वायर काढून टाक. आणि समद्या खोल्यांतल्या तपास. दोन दिस लागू देत.”

“व्हय.”

“पर मी गावात सांगणार हाय. माज्या पोटात काय ऱ्हात न्हाई.”

“काय सांगणार?” रत्नानं न राहवून विचारलं.

“जे झालं त्ये. तांबड्या मगासकट.”

ते ऐकून लोक बोलावतील की दार लावून घेतील, रत्नाला काही उमजेना. तिनं गोरखकडे पाहिलं. तो चहा संपवून माळ्याजवळच्या पाइपाशी स्टुलावर चढलासुद्धा होता. एका गाठीचा तुकडा ओठांत धरलेला.

“रत्ने,” तो तुकडा काढून म्हणाला, “ह्ये स्टूल धर जरा, डुगडुगतंय.”